ट्रॉल्या आणि चॅनेलची पारख: बिलावर कोड नसेल तर शेवटचा हप्ता देऊ नका

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. पनवेलचा नवा फ्लॅट, हातात मॉड्युलर किचनची दोन कोटेशन, दोन्हींवर 'एसएस ट्रॉल्या, ब्रँडेड सॉफ्ट क्लोज' (म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या ट्रॉल्या आणि न आपटता हळूच बंद होणारे ड्रॉवर) हेच शब्द, किमतीत मात्र 40,000 चा फरक. आणि स्वस्तवाला म्हणतोय की माल तोच आहे, आम्ही मार्जिन कमी घेतो. रत्नागिरीत आमच्या स्वयंपाकघराचं काम काढलं तेव्हा अगदी हेच वाक्य मला ऐकवलं गेलं होतं.

मी या धंद्यातली नाही, कुठल्या कंपनीचं घ्या हेही सांगणार नाही. प्लाय, लॅमिनेट, प्लॅटफॉर्मची उंची हे सगळं सोडून देते, ते तुम्हाला माहीत असणार. फक्त आत जे लोखंड आणि स्टील बसतं त्याबद्दल लिहिते.

कोटेशनवरच्या 'ब्रँडेड' या शब्दाने काहीच सिद्ध होत नाही. बिजागऱ्या नावाजलेल्या कंपनीच्या, चॅनेल, म्हणजे ज्यांवर ड्रॉवर सरकतो त्या पट्ट्या, दुसऱ्याच कुणाचे, बास्केट जवळपासच्या फॅब्रिकेटरकडून करून आणलेल्या, असं सर्रास चालतं. आमच्याकडे तेच झालं. मी प्रत्येक वस्तू वेगळी लिहिलेलं बिल मागत होते. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आमच्या सॉफ्टवेअरमधून असंच निघतं. काही झालं तर आम्ही आहोत ना!" बिलावर आलं: 'मॉड्युलर किचन फिटिंग्ज, 1 सेट'.

दुसऱ्या पावसाळ्यात पीठ-तांदळाचा खालचा ड्रॉवर पुढून झुकायला लागला. बंद करताना शेवटी अडायचा आणि ढकलला की कर्रकन आवाज. चॅनेल पूर्ण ओढून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर बेअरिंगच्या पट्टीवर तांबूस भुकटी आणि ग्रीस काळं पडलेलं. ताटांच्या बास्केटची तार मात्र चकचकीत होती, पण जिथे जिथे आडवी तार उभीला वेल्ड केलेली, तिथे तिथे मोहरीएवढा तांबडा ठिपका. पांढऱ्या फडक्याने पुसला की फडक्यावर डाग, आठवड्यात ठिपका परत हजर.

मग सुरू झाली ती टोलवाटोलवी. कंपनीच्या सर्व्हिस ऑफिसात फोन केला की पहिला प्रश्न, आर्टिकल कोड, म्हणजे त्या वस्तूचा कंपनीचा नंबर, काय? बिलावर तो नाही. चॅनेलवर ठोकलेला नंबर वाचून दाखवला तर म्हणे आमच्या यादीत दिसत नाही, डीलरशी बोला. डीलर म्हणे वॉरंटी कंपनीची, आमची नाही. पुन्हा कंपनी: फिटिंग आमच्या अधिकृत माणसाने केलंय का? त्याचं पत्र आहे का? ईमेलला प्रत्येक वेळी तेच छापील उत्तर, खाली वेगळं नाव. आणि वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं, गंज आणि दमट हवेमुळे होणारं नुकसान वगळून. कोकणात दुकान थाटून माल विकायचा आणि वॉरंटीतून गंज वगळायचा, याचा मला आजही संताप येतो. इथे फिटिंगला दुसरं होतं काय?

जीएसटी नियम 46 प्रमाणे टॅक्स इनव्हॉइसवर मालाचं वर्णन आणि नग यायलाच लागतात. तेव्हा 'सॉफ्टवेअरमधून असंच निघतं' हे कारण मुळीच ऐकून घेऊ नका. शेवटी मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा कुठे डीलर हलला. चॅनेल बदलून मिळाले, बास्केटचे पैसे गेले ते गेलेच. ग्राहक आयोगात जायचं तर 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मी वकील नाही, एवढं आधार म्हणून धरा आणि नीट विचारून घ्या.

म्हणून तुमच्या दोन्ही डीलरना एकच काम सांगा. प्रत्येक फिटिंगपुढे कंपनी, कोड, लांबी, भार-क्षमता, नग आणि दर लिहून द्या म्हणावं. जो लिहून देणार नाही त्याचं कोटेशन बाजूला ठेवा, मग तो कितीही गोड बोलो. माल खोक्यात बंद घरी यायला हवा आणि सुताराने हात लावायच्या आधी तुमच्यासमोर उघडायला हवा. चॅनेलवरचा कोड खोक्यावरच्या आणि बिलावरच्या कोडशी जुळवून फोटो काढा. नंतर चॅनेल कॅबिनेटच्या आत जातात आणि तिथे कोण बघतंय? शेवटचा हप्ता ही जुळणी झाल्यावरच द्या.

आता तुम्ही लिहिलंय की दुकानदाराने लोहचुंबक लावून बास्केटचं स्टील 304, म्हणजे गंजाला चांगलं टिकणाऱ्या ग्रेडचं, असल्याचं सिद्ध करून दाखवलं. त्यावर जाऊ नका. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 या स्वस्त ग्रेडमध्ये निकेल 4 ते 6 टक्के, त्याची कसर मँगनीज घालून भरून काढतात. दोन्ही चुंबकाला जवळजवळ चिकटत नाहीत, उलट अस्सल 304 ची तारही वाकवलेल्या जागी थोडी ओढली जाते. चुंबकाने फार तर क्रोम चढवलेलं लोखंड पकडलं जाईल, 202 नाही. स्टीलच्या बाजारात 304 तपासायचं लिक्विड मिळतं, छोट्या बॅटरीसकट. थेंब टाकायचा, बॅटरीची टोकं लावायची. 202 असेल तर थेंब लालसर होतो. चांगला दुकानदार हे करून दाखवायला कुरकुर करत नाही. आणि बास्केट उलटी करून वेल्डिंग बघा. जोड घासून गुळगुळीत केलेले हवेत, काळे डाग किंवा टोकं राहिलेली नकोत. त्याच मापाच्या दोन बास्केट काट्यावर ठेवल्या तर तारेच्या जाडीतला फरक लगेच कळतो.

माझं मत विचाराल तर लोक बास्केटच्या स्टीलवर वाद घालतात आणि चॅनेल विसरतात. बास्केट 304 ची असली तरी चॅनेल बहुतेक वेळा झिंक चढवलेल्या साध्या पोलादाचा असतो. खाऱ्या हवेत आधी तो जातो. त्याची सॉल्ट स्प्रे चाचणी, म्हणजे मिठाच्या पाण्याचा फवारा मारून केलेली गंजाची चाचणी, किती तासांची आहे ते विचारा, आयएसओ 9227 हे त्या चाचणीचं मानक. तासांचा आकडा कॅटलॉगमध्ये दाखवता आला तर उत्तम, नुसतं तोंडाने 'होते हो टेस्ट' म्हणाले तर ते धरू नका.

भाराचा हिशेब घरी बसून करा. 10 किलो पीठ, 5 किलो तांदूळ, 5 लिटर तेलाचा कॅन म्हणजे 20 किलोच्या आसपास झालेच. वर डाळी, साखर, डबे आणि खुद्द बास्केटचं वजन. 30 किलोचा चॅनेल इथे काठावर आला. मी तिथे 45 किंवा त्याहून जास्तीचाच घेईन. चमचे-वाट्यांच्या वरच्या ड्रॉवरला हलका चालतो, तिथे पैसे वाचवा. 900 मिलिमीटरचा रुंद ड्रॉवर घेणार असाल तर दोन्ही बाजू एकत्र सरकवणारा दांडा, म्हणजे स्टॅबिलायझर, आहे का ते बघा. नाहीतर एका कोपऱ्याला धरून ओढला की तिरका चालतो.

शोरूममधले ड्रॉवर रिकामे असतात, तिथे सगळंच लोण्यासारखं सरकतं. तिथलीच जड भांडी नाहीतर टाइल्सचे नमुने आत भरायला सांगा. मग पूर्ण बाहेर ओढा, पुढच्या कोपऱ्यावर तळहाताने दाबा, डावी-उजवीकडे हलवा. थोडी लवचीकता चालते, खडखड चालत नाही. चार इंचांवरून बोटाने हलकेच ढकला आणि बघा, भरलेला असताना सॉफ्ट क्लोज त्याला आत ओढून घेतो की मध्येच सोडून देतो. मी सेल्समनसमोर हे केलं तेव्हा तो खूश नव्हता, पण आपले पैसे आहेत.

बिजागऱ्यांचं थोडक्यात. दाराची उंची 900 मिलिमीटरपर्यंत असेल तर दोन, 1600 पर्यंत तीन, त्याच्या वर चार किंवा जास्त. उंच दाराला दोनच लावून नंतर 'बिजागरी खराब निघाली' म्हणण्यात अर्थ नाही. वर-खाली, आत-बाहेर, डावी-उजवी अशी तिन्ही दिशांनी स्क्रूने जुळवता येणारी घ्या, कारण पावसाळ्यात दारं हलतातच. पार्टिकल बोर्डात स्क्रू एकदा ढिला झाला की पुन्हा धरत नाही, तेव्हा सिंकच्या कॅबिनेटला तरी आयएस 710 शिक्क्याचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय असू दे.

एक भलतीच पण फार उपयोगी गोष्ट. टॉयलेट क्लीनर, अ‍ॅसिड, ब्लीच सिंकखाली ठेवू नका. झाकण घट्ट असलं तरी वाफ निघत राहते आणि बंद कपाटात ती 304 लाही सोडत नाही. आमच्या शेजारणीच्या सिंकखालच्या बिजागऱ्या त्यानेच गेल्या, खापर फुटलं कंपनीवर. ओली ताटं निथळल्याशिवाय बास्केटमध्ये लावायची सवयही मोडा, विशेषतः बोअरचं पाणी असेल तर.

राहिला तुमचा कोपऱ्यातल्या फिरत्या ट्रॉलीचा प्रश्न. माझ्या मते घेऊ नका. महागडी असते, भाग जास्त म्हणून बिघडायला जागा जास्त, आणि त्यात बसतं फारसं काही नाही. कोपऱ्यात साधी फळी टाकून सणावारी लागणारी मोठी पातेली ठेवा आणि ते पैसे खालच्या तीन रोजच्या ड्रॉवरच्या चॅनेलमध्ये घाला. घरात गुडघेदुखीचं कुणी असेल आणि वाकता येत नसेल, तरच तिचा विचार करा, तेव्हाही भांडी भरून फिरवून बघितल्याशिवाय नाही.