आधी त्याचं काम परत आण

प्रिय मित्रा,

तुझ्या कॉमिकचा आराखडा मिळाला, सावकाश वाचला. चौघा दोस्तांचे चार हीरो, अमावस्येची रात्र, आंबोलीचा घाट, आणि मध्यावर दार ढकलून आत येणारा तुझा तो जुना मांत्रिक, ज्याला पहिल्या अंकानंतर तू वाऱ्यावर सोडलं होतंस. घाटातलं धुकं झकास जमलंय. काळ्या शाईच्या पानावर एवढं पांढरं मोकळं सोडायला धीर लागतो. पण तू विचारतोस, 'त्याची एंट्री दणक्यात कशी करू?' एंट्रीचं नंतर बघू. आधी मला सांग, तो गेला का होता?

'आम्हाला कंटाळा आला' हे उत्तर नको. गोष्टीच्या आतलं कारण हवं.

ब्लेडचं, म्हणजे मार्व्हल या कॉमिक्स कंपनीच्या व्हॅम्पायर मारणाऱ्या हीरोचं, उदाहरण घेतो, कारण त्यात हे सगळं स्वच्छ दिसतं. तुमच्या पिढीला ब्लेड म्हणजे काळा गॉगल, लांब कोट, तलवार आणि वेस्ली स्नाइप्स. 1998 चा सिनेमा. त्याआधी पंचवीस वर्षं तो कॉमिकमध्ये होता, आणि त्यातला मोठा काळ कुणाच्या खिजगणतीतही नव्हता.

अमेरिकेत 1954 पासून कॉमिक्स कोड नावाची नियमावली होती, प्रकाशकांनीच आपल्या गळ्यात बांधून घेतलेली. तिच्यात व्हॅम्पायर, लांडगामानव, झोंबी या सगळ्यांना बंदी. 1971 मध्ये ती सैल झाली. ड्रॅक्युला किंवा फ्रँकेन्स्टाइनसारखी, जुन्या साहित्यातून आलेली भुतं चालतील असं ठरलं; झोंबी मात्र नाही, कारण त्यांच्यामागे कुणी मान्यवर लेखक उभा नव्हता. (मार्व्हलवाल्यांनी यावर तोड काढली. आपल्या झोंबींना ते 'झुव्हेंबी' म्हणायला लागले. एखाद्या कसलेल्या हेडक्लार्कला सुचावी अशी पळवाट.) दार उघडल्याबरोबर मार्व्हलने भुतांची रांगच लावली: 1971 मध्ये मॉर्बियस हा व्हॅम्पायर, 1972 मध्ये ड्रॅक्युलाची स्वतंत्र मालिका आणि त्याच वर्षी जळत्या कवटीचा घोस्ट रायडर. ड्रॅक्युलाच्या त्या मालिकेच्या दहाव्या अंकात, जुलै 1973 मध्ये, ब्लेड पहिल्यांदा आला. लेखक मार्व्ह वुल्फमन, चित्रकार जीन कोलन. अंगात हिरवं जॅकेट, डोळ्यांवर रंगीत काचांचा गॉगल, छातीवरच्या पट्ट्यात लाकडी सुरे. अर्धा व्हॅम्पायर वगैरे तो तेव्हा नव्हताच. बाळंतपणाच्या वेळी डॉक्टर म्हणून आलेल्या व्हॅम्पायरने त्याच्या आईचा घास घेतला, आणि पोराच्या रक्तात असं काही उतरलं की व्हॅम्पायर त्याला चावला तरी तो व्हॅम्पायर होत नाही. एवढीच पुंजी. एक दुःख, चाव्यापासून संरक्षण आणि एक धंदा: व्हॅम्पायर मारणं.

ड्रॅक्युलाची ती मालिका 1979 मध्ये सत्तराव्या अंकाला बंद पडली. भुतांची लाट ओसरली होती, हे बाजाराचं कारण. गोष्टीच्या आतलं कारण चार वर्षांनी आलं. 1983 च्या डिसेंबरमध्ये डॉक्टर स्ट्रेंज या जादूगाराच्या मालिकेच्या 62 व्या अंकात मॉन्टेसी फॉर्म्युला नावाचा मंत्र म्हटला जातो आणि पृथ्वीवरचे झाडून सगळे व्हॅम्पायर नष्ट होतात. ड्रॅक्युलासकट. त्या मोहिमेत ब्लेड होता, हॅनिबल किंग हा गुप्तहेर होता, ड्रॅक्युलाचा वंशज फ्रँक ड्रेक होता. तिघे जिंकले, आणि जिंकले म्हणूनच बेकार झाले. आता सांग, व्हॅम्पायर नसलेल्या जगात व्हॅम्पायर मारणाऱ्याला कोणता लेखक बोलावणार? आणि कशासाठी?

म्हणून त्याचं पुनरागमन ब्लेडपासून सुरू होत नाही. आधी, 1990 मध्ये, डॉक्टर स्ट्रेंजच्याच नव्या मालिकेत त्या मंत्राचा प्रभाव मोडतो आणि व्हॅम्पायर परततात. त्याच वर्षी घोस्ट रायडर नव्या रूपात आला, डॅनी केच नावाच्या पोराच्या अंगात, आणि तडाखेबंद खपला. मग 1992 मध्ये 'राइज ऑफ द मिडनाइट सन्स' हा सहा भागांचा क्रॉसओव्हर, म्हणजे अनेक मालिकांतून पुढे सरकणारी एकच गोष्ट, निघाला. लिलिथ ही राक्षसांची आई सुटलेली, घोस्ट रायडर आणि आधीचा घोस्ट रायडर जॉनी ब्लेझ तिच्यामागे, आणि एका दृष्टान्तात दिसलेली नऊ माणसं जमवायची. त्या नवांत ब्लेड, किंग आणि ड्रेक. शिवाय व्हिक्टोरिया मॉन्टेसी. हे आडनाव आत्ताच वाचलंस. ज्या घराण्याच्या मंत्राने ब्लेडचा धंदा बुडवला, त्याच घराण्यातली ही पोरगी त्याच यादीत, त्याच्याबरोबर.

गोष्ट म्हणून तो क्रॉसओव्हर मला मध्यमच वाटतो. सहापैकी चार भाग म्हणजे नव्या मालिकांचे पहिले अंक, आणि अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत, आत पोस्टर. प्रत्येक भागात एक टोळी जमते, लिलिथच्या एखाद्या पिल्लाशी भिडते, आणि शेवटी वाचकाला पुढच्या महिन्याच्या दुकानात पाठवलं जातं. मांडणीपेक्षा विक्रीचं गणित जास्त दिसतं. ब्लेडची टोळी 'नाइटस्टॉकर्स' नावाने अठरा अंक चालली आणि 1994 मध्ये बंद पडली. किंग आणि ड्रेक शेवटच्या अंकात गेले असं दाखवलं, ब्लेड उरला. बाकीच्या त्या गर्दीतली किती नावं आज कुणाला आठवतात? ब्लेडचं आठवतं, कारण त्याचं काम एका वाक्यात सांगता येतं आणि ते काम त्याच्याशिवाय दुसरा कुणी करणार नाही.

तुझ्या मांत्रिकाकडे बघ. पहिल्या अंकात तो विहिरीतला मुंजा उतरवतो. मुंजा शांत झाला, गावाला पाणी मिळालं, अंक संपला. म्हणजे ब्लेडसारखाच, जिंकून बेकार. आता तू त्याला थेट घाटात आणतोस आणि चार हीरोंच्या बरोबरीने वीज फेकायला लावतोस. वीज तर तुझ्या मित्राने काढलेली ती पोरगीही फेकते, आणि त्याची चित्रं तुझ्यापेक्षा सरस आहेत, राग मानू नकोस. मग मांत्रिक कशाला? आधी त्याचं काम परत आण. विहीर पुन्हा आटू दे किंवा मुंजा उतरलाच नव्हता असं निघू दे. ते चौघांच्या हाती लागू दे, त्यांना ते झेपू नये, आणि मग कुणाला तरी म्हणावंसं वाटू दे की याला तो म्हातारा लागेल. वाचक त्याची वाट बघत असेल, तर तो नुसता चपला काढून ओटीवर येऊन बसला तरी एंट्री दणक्यात होते.

याची दुसरी तऱ्हा ॲलन मूर या लेखकाने दाखवली आणि ती मला मार्व्हलच्या सहा अंकांपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. 'स्वॅम्प थिंग' या मालिकेचा पन्नासावा अंक, जुलै 1986. नरकाच्या पलीकडून एक आदिम अंधार उठलाय. वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउन भागात बॅरन विंटर्सच्या घरी जॉन कॉन्स्टंटाइन काही मांत्रिक एका टेबलाभोवती बसवतो. ही माणसं बघ. झटारा: टेलकोट, उंच हॅट, उलटे शब्द बोलून जादू करणारा, 1938 च्या ज्या अंकात सुपरमॅन जन्मला त्याच अंकातला. मॅन्ड्रेक हा जादूगार त्याच्या चार वर्षं आधीचा, आणि इंद्रजाल कॉमिक्सवर पोसलेल्या माझ्यासारख्याला झटारा बघताक्षणी मॅन्ड्रेकचा धाकटा भाऊ वाटतो. सार्गॉन: फेटा बांधणारा, 1941 चा. आणि डॉक्टर ऑकल्ट: भुताखेतांचा गुप्तहेर, 1935 चा, जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी सुपरमॅनच्या आधी केलेला. सुपरमॅन आला आणि ऑकल्टला त्याचे बापच विसरले. पुढे जवळपास अर्धशतक त्याची कुणी खबर घेतली नाही.

मूर या कुणाचीही पूर्वपीठिका सांगत बसत नाही. हात धरून वर्तुळ करा, सोडलंत तर सगळे मराल, एवढाच नियम. मग सार्गॉन बसल्या जागी तापायला लागतो. हात सोडता येत नाही. तो जळतो, आणि बाकीचे त्याचा हात धरून बघत राहतात. पुढचा झटका झटाराची मुलगी झटॅना हिच्यावर येणार असतो; बाप तो आपल्या अंगावर ओढून घेतो आणि तोही जातो. सुपरमॅनला त्या टेबलाशी बसवलं असतं तर वाचकाला ठाऊक असतं की याला काही होणार नाही. विसरलेल्या माणसांबद्दल ती हमी नसते, आणि मूरने नेमकी तीच गोष्ट वापरली. त्यांची किंमत उतरली होती, तिचाच त्याने उपयोग करून घेतला. डॉक्टर ऑकल्टला मोठा पराक्रम दिला नाही, नुसती एक खुर्ची दिली. पण ती खुर्ची रिकामी असती तर वर्तुळ पुरं झालं नसतं. पुढे 1990 च्या सुमाराला तोच ऑकल्ट नील गेमन या लेखकाच्या हाती लागला आणि एका पोराला परीलोकात घेऊन गेला. खुर्ची मिळाली म्हणून पुढचं दार दिसलं.

मरणाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो: तुझ्या आराखड्यात मांत्रिक शेवटी मरतो. मरू दे, माझी ना नाही. पण आत्ता तो खलनायक किती भयंकर आहे ते दाखवायला मरतोय, आणि तेवढ्यासाठी कुणाला उकरून काढू नये. सार्गॉन हात न सोडण्यासाठी मेला. तुझा मांत्रिक काय सोडत नाही?

आता पानांचं. मध्यात तू त्याचा सगळा पूर्वेतिहास संवादाच्या आठ फुग्यांत कोंबलायस. तो काढ. वाचकाला तीन गोष्टी पुरतात: हा कोण, याला काय येतं, आणि इथल्या कुणाशी याचं काय वाकडं आहे. तिसरी सगळ्यांत कामाची आणि तुझ्याकडे तीच नाही. व्हिक्टोरिया मॉन्टेसीसारखा एखादा धागा शोध. तुझ्या मित्राच्या त्या वीजवाल्या पोरीचं आजोळ मुंज्याच्या गावातलं असलं तर? मग ती दोघं एका चौकटीत आली की फुगे लागणारही नाहीत. त्याचा गंडा, त्याची पिशवी, तिची नजर, एवढ्यावर अर्धं पान निघेल. आणि त्याचा पोशाख बदलायचा मोह आवर. ब्लेडला लांब कोट मिळाला तो पुढे. 1973 चा गॉगल आणि लाकडी सुरे याच खुणांवर जुन्या वाचकांनी त्याला ओळखलं. तुझ्या मांत्रिकाचा तो फाटका पंचा आणि पितळी कमंडलू राहू दे.

शेवटचा विषय तुम्हाला रुक्ष वाटेल, पण मी तो सोडणार नाही. चौघांची पात्रं एका अंकात येणार. कुठलं कुणाचं? सीगल आणि शुस्टरने 1938 मध्ये सुपरमॅनचे सगळे हक्क 130 डॉलरला दिले आणि पुढची कित्येक वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. ब्लेडवर सिनेमा निघाला तेव्हा वुल्फमनही हक्क मागायला कोर्टात गेला आणि 2000 मध्ये हरला. त्याने ते काम मार्व्हलसाठी केलं होतं, म्हणून पात्र मार्व्हलचं, असं ठरलं. विसरलेलं पात्र जिवंत झालं की पहिल्यांदा वारस जागे होतात. आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. हक्क कुणाला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं धरतात. हे कलम 19 मध्ये आहे, वाचून ठेव. मुंजा, हडळ, वेताळ कुणाच्या बापाचे नाहीत, ते खुशाल घ्या. पण कमंडलू घेतलेला तो अमुक एक म्हातारा तुझा आहे, आणि वीजवाली पोरगी तुझ्या मित्राची. चौघांनी एका कागदावर लिहा: या अंकात एकमेकांची पात्रं वापरायला परवानगी, पात्र ज्याचं त्याचंच राहील, कुणाचं पात्र मारायचं तर त्याला विचारून, आणि पैसे आले तर वाटणी अशी. मैत्री आहे तोवरच हा कागद गोडीगुलाबीने होतो.

पुढच्या खेपेला पुरी पटकथा पाठवू नकोस. मांत्रिक येण्याआधीची पानं तेवढी पाठव, ज्यात तो कुठेही दिसत नाही. ती वाचून मला त्याची आठवण आली, तर पुढचं लिहायला घे. आणि त्या घाटातल्या धुक्याला रंग लावू नकोस.

तुझा,
काका