डॉक्टर नसताना जागतिक आरोग्याच्या कामात

प्रश्न : मी समाजशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स करायचं मनात आहे. आरोग्य संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी नेटवर्कमध्ये जावंसं वाटतं, पण तिथे सगळे मेडिकलचेच असतील ना? शिवाय ‘जागतिक युवा आरोग्य दूत’ म्हणून माझी निवड झाल्याचा ई-मेल आलाय, शुल्क भरून परिषदेला जायचं आहे. आई म्हणते, सर्टिफिकेटं गोळा करून नोकरी लागते का?

उत्तर : आधी त्या ई-मेलचं बघू. तू अर्जच केलेला नाहीस आणि तरी निवड झाली, अभिनंदनाच्या पाठोपाठ शुल्काचा आकडा आणि भरायची शेवटची तारीख आली, असं असेल तर तो विषय तिथेच सोडून दे. खऱ्या परिषदाही नोंदणी शुल्क घेतात, त्यात गैर काही नाही. पण तिथे आपण आपल्या कामाचा ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे थोडक्यात गोषवारा, पाठवतो, तो जाणकार तपासतात आणि कित्येकदा नाकारतातही. जिथे कुणीच नाकारलं जात नाही, तिथल्या निवडीला पुढे कुणी विचारत नाही.

आता मेडिकलचा मुद्दा. तुझी भीती अर्धी खरी आहे. आयएफएमएसए ही वैद्यकीय विद्यार्थ्यांची जागतिक संघटना. तिच्यात देशोदेशींच्या वैद्यकीय विद्यार्थी संघटना सभासद असतात, त्यामुळे तिथे तुझा प्रवेश अवघड. पण ती 1951 साली सुरू झाली त्याच वर्षी पॅरिसमध्ये आययूएचपीई, म्हणजे आरोग्य संवर्धन आणि आरोग्य शिक्षणाचा आंतरराष्ट्रीय संघ, स्थापन झाला. त्याचं विद्यार्थी आणि नवोदितांसाठी वेगळं नेटवर्क आहे आणि हे क्षेत्र फक्त डॉक्टरांचं नाही. युरोपच्या सार्वजनिक आरोग्य संघटनेचं ‘युफानेक्स्ट’ही अशाच विद्यार्थी-नवोदितांसाठी आहे.

तुझ्यासारखीची तिथे गरज का आहे, हे 1986 चा ओटावा जाहीरनामा वाचलास की कळेल. आरोग्य संवर्धनाची पाच कामं त्यात सांगितली आहेत: आरोग्याला पूरक धोरणं, पोषक परिसर, लोकांची सामूहिक कृती, व्यक्तीची कौशल्यं आणि आरोग्यसेवेची नव्याने मांडणी. तंबाखूचंच घे. ‘सोडा’ असा सल्ला डॉक्टर देतात आणि तो द्यायलाच हवा. पण कर किती, जाहिरातींवर बंदी आहे का, पाकिटावर इशारा केवढा, सार्वजनिक जागा धूरमुक्त आहेत का, यावरही माणूस ओढायला लागतो की नाही हे बरंचसं ठरतं. 2003 मध्ये मंजूर होऊन 2005 मध्ये लागू झालेला तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार याच गोष्टींबद्दल आहे. कुठल्या वस्तीत, कोणत्या वयात, कुणाच्या संगतीने व्यसन लागतं, हे शोधायला समाजशास्त्र लागतं. तिथे बिचकत बसू नकोस.

सभासद होणं सोपं आहे आणि बरेच जण तिथेच थांबतात. नाव नोंदवलं, प्रोफाइलवर एक ओळ वाढवली, संपलं. आईंचा आक्षेप याच प्रकाराला लागू पडतो आणि तो रास्त आहे. तू एकच नेटवर्क निवड आणि त्यातलं एक छोटं, कुणी पुढे होऊन न घेणारं काम माग. ऑनलाइन बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम मिळालं तर आनंदाने घे. चार देशांतली मुलं, प्रत्येकाचा उच्चार वेगळा, कुणाकडे सकाळ तर कुणाकडे मध्यरात्र. चर्चा तासभर इकडेतिकडे जाते. त्यातून तुला तीन गोष्टी वेचायच्या असतात: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये गेलं, की पुढच्या बैठकीत तुझं नाव प्रत्येकाला माहीत असतं. मास्टर्ससाठी शिफारसपत्र लागेल तेव्हा तुझ्याबद्दल ठोस काही लिहू शकणारी माणसं अशाच कामातून मिळतात.

मग वर्षभरात जे काम झालं त्याचा ॲब्स्ट्रॅक्ट लिही. आययूएचपीईची जागतिक परिषद साधारण तीन वर्षांनी भरते. ‘जागरूकता वाढली’ असं लिहू नकोस, ते वाक्य परीक्षकांना पाठ झालेलं असतं. किती जणांशी बोललीस, आधी ते काय करत होते, नंतर काय बदललं, काय बदललं नाही, हे लिही. न बदललेलंही प्रामाणिकपणे लिहिणारा विद्यार्थी मला तरी जास्त भरवशाचा वाटतो.

धोरणाची आवड असेल तर पीपल्स हेल्थ मूव्हमेंट या जागतिक जनआरोग्य चळवळीचा ‘डब्ल्यूएचओ वॉच’ हा उपक्रम जरूर बघ. डब्ल्यूएचओची, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची, सदस्य देशांची जागतिक आरोग्य सभा दरवर्षी, बहुधा मे महिन्यात, जिनिव्हात भरते. त्याआधी तरुण कार्यकर्ते अजेंड्यावरची कागदपत्रं वाचून टिपणं काढतात आणि सभेतल्या चर्चेवर लक्ष ठेवतात. ती कागदपत्रं सगळ्यांना खुली असतात. एकच विषय धर आणि मसुद्यापासून ठरावापर्यंत त्याचा माग काढ. शुल्क नाही, प्रवास नाही, आणि प्रवेशाच्या मुलाखतीत बोलायला भरपूर मिळेल.

जागतिक आरोग्य संघटनेची इंटर्नशिप सध्या घाईने मागे लागण्याची गोष्ट नाही. तिथे चुरस मोठी असते. वर्षभर काम करून मग अर्ज केलास तर त्यात लिहायला काहीतरी असेल. अर्जाच्या कोणत्याही टप्प्यावर ही संघटना पैसे मागत नाही, एवढं मात्र आत्ताच लक्षात ठेव.

आईंना सांग, नेटवर्कमुळे थेट नोकरी लागत नाही, मास्टर्सची पदवी लागतेच. म्हणून शेवटचं वर्ष आधी नीट पार पाड. आठवड्याला दोन-तीन तासांपेक्षा जास्त काम अंगावर घेऊ नकोस, आणि परीक्षेच्या तारखा नेटवर्कच्या समन्वयकाला सुरुवातीलाच कळवून ठेव.