पाणपक्ष्यांचा फोटो क्रॉप करताना

अरे, पाणपक्ष्यांचे फोटो मनासारखे येत नाहीत म्हणून लेन्स बदलायची घाई नको करूस, आधी पुण्याजवळच्या कवडीपाटला सकाळी ऊन कोवळं असताना जा आणि काठावर जमेल तेवढं खाली बस, कारण उभं राहून वरून काढलेला शेकाट्या (लांब पायांचा पाणपक्षी) नंतर कितीही क्रॉप केला तरी तो पाण्याला चिकटल्यासारखाच दिसतो. बगळा पांढरा आणि मागे पाणी काळपट असेल तर एक्सपोजर (फोटोतला उजेड) थोडं मायनस कर, पिसांचं डिटेल एकदा उडालं की गेलंच. उडणाऱ्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंद ठेव.

आता क्रॉप. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची लांबी-रुंदी दोन्ही निम्मी केलीस की हातात फक्त ६ उरतात, मोबाईलवर चालतं पण मोठ्या प्रिंटला कमी पडतं, म्हणून काढतानाच फ्रेममध्ये जरा मोकळी जागा ठेव. पक्षी बघतो त्या बाजूला जास्त जागा सोड, आणि प्रतिबिंब असेल तर ते पूर्ण घे, अर्धवट कापलेलं फार खटकतं (शेकाट्याचे लांब पाय तर नकोच कापूस!). भिगवणला नाववाल्या दादांना फ्लेमिंगोंच्या अगदी जवळ न्यायला सांगू नकोस, थवा उठवून मिळालेला फोटो मला तरी बघवत नाही, त्यापेक्षा लांबूनच पूर्ण थवा आणि उजनी धरणाचं पाणी घे.