एल४-एल५ची गादी सरकली आहे, ऑपरेशन टाळता येईल का?

वय ३८, दिवसभर बसून काम, तीन आठवडे डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ, एमआरआयमध्ये एल४-एल५ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, गादी सरकलेली. अशा बहुतेकांचं ऑपरेशन टळतं. पण आधी एक खात्री करून घ्या. लघवी अडकते किंवा नकळत होते, शौचावर ताबा राहत नाही, बसायची जागा आणि मांड्यांच्या आतली बाजू बधिर झाली आहे, दोन्ही पायांतली ताकद जाते आहे, यातलं काहीही असेल तर पुढे वाचत बसू नका, आत्ता हॉस्पिटल गाठा. तिथे उशीर झाला तर नुकसान कायमचं राहतं. ताप, विनाकारण घटलेलं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर किंवा पडल्यावर सुरू झालेलं दुखणं असेल तरी व्यायामाआधी डॉक्टर.

मग घरात टाचांवर दहा पावलं चाला. एल४-एल५ला बहुधा एल५ची नस दबते, आणि तीच पायाचा पंजा व अंगठा वर उचलते. डावा पंजा आपटत असेल किंवा अंगठा उचलताना जोर कमी पडत असेल, तर सर्जनला लगेच दाखवा. ही चाचणी रोज करा. दुखणं सोसता येतं, पण घटत चाललेल्या ताकदीकडे दुर्लक्ष करू नका.

रिपोर्टमधल्या शब्दांनी हबकू नका. काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांचे एमआरआय तपासले तरी सुमारे ३० टक्क्यांत गादी फुगलेली दिसते, ऐंशीच्या वयात ८४ टक्क्यांत. आणि फुगवट्यापेक्षा तुटून बाहेर आलेला तुकडा विरघळण्याची शक्यता जास्त असते, कारण शरीर त्याला परकं समजून खाऊन टाकतं.

खरं होकायंत्र म्हणजे कळ कुठे सरकते ते. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांची पद्धत यावरच उभी आहे. पोटरीतली कळ मांडीत, मांडीतली कमरेत आली तर दिशा बरोबर, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ खाली पावलाकडे गेली की थांबा.

सतरंजीवर पालथे पडा, हात बाजूला, दोन-तीन मिनिटं. मग कोपरांवर या, तेवढाच वेळ. पायातली कळ वाढली नाही तरच पुढची पायरी: तळवे खांद्याखाली टेकून फक्त हातांच्या जोराने छाती उचला, ओटीपोट जमिनीलाच ठेवा, वर श्वास सोडून कंबर ढिली पडू द्या, खाली या. दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी. चूक बहुतेक इथेच होते: ढुंगण आवळलेलं राहतं किंवा ओटीपोट उचललं जातं, मग कमरेला वाक मिळतच नाही. आरशात धड एका बाजूला झुकलेलं दिसत असेल तर आधी ते सरळ करावं लागतं, त्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे जा. साठीपुढच्या ज्यांना चालताना पाय भरून येतात आणि वाकून बसल्यावर बरं वाटतं, त्यांनी हा व्यायाम करू नये; त्यांना बहुधा उलटी दिशा लागते.

पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन आणि सूर्यनमस्कार सध्या बंद. 'शीर मोकळी करायला' पाय ताणणंही बंद, चिडलेली नस ताणली की आणखी चिडते. रात्रभरात गादी पाणी शोषून फुगते, म्हणून उठल्यावर पहिला तासभर वाकू नका: ब्रश करताना एक हात बेसिनवर, चपला बसून घाला, बादली दुसऱ्याला उचलू द्या. बसणं वीस-पंचवीस मिनिटांपलीकडे नको, कमरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवा. खड्ड्यांच्या रस्त्यावर बाइक तर नकोच. अंथरूण धरलंत तर एक-दोन दिवसच. पुढे स्नायू ढिले पडतात. दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं सपाट रस्त्यावर चाला.

औषधांत सूज उतरवणारी गोळी काही दिवस उपयोगी पडते, मात्र किडनी, अल्सर किंवा बीपीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नको. नसेच्या दुखण्यावरचं प्रीगाबालिन सर्रास लिहून दिलं जातं, पण ऑस्ट्रेलियातल्या २०१७च्या चाचणीत सायटिकाला, म्हणजे पायात उतरणाऱ्या अशा कळेला, त्याचा खोट्या गोळीहून जास्त फायदा दिसला नाही, चक्कर मात्र जास्त लोकांना आली. चालू असेल तर एकदम सोडू नका. ट्रॅक्शनवर, म्हणजे वजन लावून कंबर ताणण्यावर, पैसे घालवू नका. कमरेचा पट्टा प्रवासापुरता ठीक. झटका देऊन 'मणका बसवणाऱ्या'कडे पायात बधिरपणा असताना अजिबात जाऊ नका.

सहा ते आठ आठवडे हे नेटाने करा. तोवर कळ पोटरीतच अडकलेली असेल, झोप लागत नसेल, तर ऑपरेशनचा विचार रास्त आहे. अशा दुखण्यात ऑपरेशनने कळ लवकर थांबते. वर्षभरानंतर ऑपरेशन केलेले आणि न केलेले साधारण सारख्याच स्थितीत येतात. म्हणजे तेव्हा ठरवायचं इतकंच, की कळ आणखी किती दिवस सोसता येईल.