मातीच्या साध्या पात्राला ‘स्त्रीवादी’ कशाच्या आधारावर म्हणायचे?

एका प्रदर्शनात काळ्या, गुळगुळीत मडक्याखाली ‘स्त्रीवादी आशयाचे हस्तनिर्मित पात्र’ अशी पाटी दिसली, पण त्यावर ना चित्र होते ना अक्षर, मग हा आशय आहे तरी कुठे, असे तुम्ही विचारले आहे. मी काही वर्षांपासून चाकाशिवाय भांडी घडवते. माझ्या मते तो आशय भांड्याच्या अंगावर शोधण्याआधी ते कोणत्या हातांनी आणि कोणत्या रीतीने उभे राहिले, हे पाहावे.

आपल्याकडच्या बहुतेक कुंभारवाड्यांत माती चाळणे, मळणे, भांडी रंगवणे आणि बाजारात नेऊन विकणे ही कामे बायका करत आल्या. चाकाला मात्र त्यांनी शिवायचे नाही, असा दंडक होता. आफ्रिकेच्या मोठ्या भागात, आणि आपल्या मणिपुरातील आंद्रो व थोंगजाओ या गावांत, बायकाच भांडी घडवतात, तीही चाकावाचून. नायजेरियाच्या कुंभार लाडी क्वाली पाण्याचे मोठे रांजण घडवताना स्वतः रांजणाभोवती फेऱ्या घालत. ब्रिटिश कुंभार मायकेल कार्ड्यू यांनी अबुजाला काढलेल्या कुंभारकाम केंद्रात त्या १९५४ मध्ये दाखल झाल्या. तिथे प्रशिक्षण घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या, आणि आज त्यांचे चित्र त्या देशाच्या २० नायराच्या नोटेवर आहे.

त्याच केंद्रात १९७० च्या दशकात मातीची पात्रे घडवणाऱ्या कलाकार मॅग्डलीन ओडुंडो शिकायला गेल्या. १९५० मध्ये नैरोबीत जन्मलेल्या ओडुंडो पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकल्या, तरी त्यांनी आपली पद्धत म्हणून निवडले ते हाताने घडवणेच; आणि मला त्यांच्या कामातला सर्वांत ठाम विचार या निवडीत दिसतो. फुगीर पोट, उंच मान, बाहेर झुकलेला काठ आणि एखाद्या पात्राच्या पाठीवर मणक्यांसारखे उमटलेले उंचवटे पाहताना आपल्याला बाईचे शरीर आठवते, पण ते कुणासाठी सजून उभे राहिलेले शरीर नसते. ओडुंडो झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, वापरत नाहीत. पात्रावर बारीक मातीचा हात देऊन ते घोटतात. भट्टीत मोकळी हवा मिळाली की ते तांबूस-केशरी होते, आणि लाकडाच्या ढलप्यांसह हवा कोंडून पुन्हा भाजले की काळे.

घोटण्याचे काम करून पाहिल्याशिवाय त्याची चिकाटी कळत नाही. माती चामड्याइतकी घट्ट झाली की गुळगुळीत गोटा किंवा चमच्याची पाठ लहान लहान वर्तुळांत फिरवायची असते. घाई केली तर गोट्याला माती चिकटते, उशीर झाला तर चरे उठतात, त्यामुळे ती दुपार दुसऱ्या कशालाच देता येत नाही.

अमेरिकन कलाकार ज्युडी शिकागो यांच्या १९७९ मध्ये पूर्ण झालेल्या ‘द डिनर पार्टी’ या कलाकृतीत त्रिकोणी मेजावर ३९ स्त्रियांची पाने मांडलेली आहेत आणि तिथल्या चिनी मातीच्या थाळ्या आपला अर्थ उघड सांगतात. ते काम मोठेच आहे. मला मात्र न बोलणारे मडके अधिक वेळ थांबवून ठेवते. (भांड्याला गळा, पोट, कान आणि बूड असते, हे मराठीने आधीच ठरवून टाकले आहे, तेव्हा चित्र काढायची फारशी गरजही उरत नाही.)

महाराष्ट्रापुरते विचाराल तर माझ्या डोळ्यांपुढे येते ते टिटवे, म्हणजे अंत्यविधीचे मातीचे मडके. अंत्ययात्रेत ते पुढे धरण्याचा मान मुलाचा, निदान पुरुष नातेवाइकाचा. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव फुले गेले, तेव्हा या मानावरून भाऊबंदांत वाद झाला आणि सावित्रीबाई स्वतः टिटवे हाती घेऊन पुढे चालल्या. त्या साध्या भाजक्या मडक्यावर काहीही कोरलेले असण्याचे कारण नव्हते.

मीही तसे एक वीतभर उंचीचे मडके वळ्या रचून केले, घोटले आणि चितेभोवतीच्या तीन फेऱ्यांत पाण्याच्या मडक्याला पाडतात तशी तीन भोके त्याच्या पोटाला कच्चे असतानाच पाडली. घरी येणाऱ्या बायका ते हातात घेतात, एखादी भोकात बोट घालून पाहते, आणि बहुतेक जणी ते खाली ठेवताना आवाज होऊ देत नाहीत.