पहिल्यांदाच अमेरिकेला जातोय, जेट लॅगचा त्रास होऊ नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत कंपनीच्या कामासाठी १२ दिवस पुण्याहून न्यू जर्सीला जाताय, आणि मेलाटोनिनची गोळी सोबत ठेवावी का असं विचारलंय. जाण्याचं एवढं मनावर घेऊ नका. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो आणि शरीराला तेच सोपं पडतं, कारण झोप-जागेच्या वेळा ठरवणारं आपलं आतलं घड्याळ मुळातच २४ तासांहून किंचित लांब असतं. पहिले तीन-चार दिवस संध्याकाळी पाचलाच डोळे मिटायला लागतील आणि पहाटे तीनला टक्क जाग येईल. दुपारी जेवल्यावर अंधार पडेपर्यंत जमेल तेवढं बाहेर उजेडात राहा, संध्याकाळी सोफ्यावर लवंडू नका, तेवढं पुरे. खरा त्रास परत आल्यावर होतो, आणि त्याबद्दल कुणी विचारतच नाही.

माझी आई ६७ वर्षांची. न्यू जर्सीतल्या एडिसनला बहिणीकडे सहा महिने राहून तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या शेवटी परत आली. तिकडे आठवड्याभरात रुळली होती. आता काय, स्वतःच्या घरी, स्वतःच्या पलंगावर झोप लागेलच, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. दुसऱ्या रात्री मला स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली. अडीच वाजले होते. दिवा न लावता, मोबाईलच्या उजेडात आई ओट्याशी उभी राहून चिवडा खात होती. स्टीलच्या डब्याचं झाकण वाजू नये म्हणून पदरात धरलेलं. मला बघून ती इतकी ओशाळली की मलाच कसंतरी झालं. म्हणाली, “दोनला जाग येते रे, आणि भूक लागते.”

मी हिशेब केला. हिवाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेदहा तास मागे. आपले रात्रीचे दोन म्हणजे तिथले दुपारचे साडेतीन. माझ्या भाचीची शाळेची बस साडेतीनला येते. शाळा सुरू झाल्यापासून आई रोज त्या वेळी कोपऱ्यावर उभी राहायची, तिला घरी आणायची आणि दोघी मिळून काहीतरी खायच्या. पुण्यात येऊनही तिचं शरीर त्या बसलाच चाललं होतं.

पाचव्या दिवशी मामेभावाचं लग्न. तुळशीचं लग्न होऊन लग्नसराई सुरू झालेली, टाळणं शक्य नव्हतं. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, म्हणजे तिकडची रात्र दोनची. मंगलाष्टकं चालू असताना आई खुर्चीत बसल्या बसल्या झोपली, अक्षता मुठीत तशाच. जेवताना मामा चारचौघांत म्हणाले, “ताई, अमेरिकेला जाऊन आल्यापासून तुझे नखरे वाढलेत. जेट लॅग-बिट लॅग सगळे मनाचे खेळ. पहाटे उठून तळजाईच्या टेकडीवर फिरून ये, सगळं ठिकाणावर येईल.” आई गप्प राहिली. मीही गप्प राहिलो, आणि ते मला आजही डाचतं.

दुसऱ्या दिवसापासून ती खरंच तळजाईला जायला लागली. चार दिवस गेली. झोप आणखी बिघडली, आणि एका दिवशी तर रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली गेली, कारण सकाळ कुठली आणि संध्याकाळ कुठली हेच तिला समजेना.

मग डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चिठ्ठीच्या मागे दोन घड्याळं काढली. रोज उठायच्या साधारण दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं. त्यानंतर डोळ्यांवर पडणारा उजेड आतलं घड्याळ अलीकडे ओढतो, म्हणजे झोप-जाग लवकर होते; त्याआधी पडणारा पलीकडे ढकलतो, म्हणजे उशिरा. आई तिकडे साडेसहाला उठायची, म्हणजे तो टप्पा पहाटे चारच्या सुमारास, आपले दुपारचे अडीच. पूर्वेकडे परतलेल्या आईचं घड्याळ अलीकडे ओढायला उजेड हवा तो त्यानंतरचा. आता तळजाई बघा. आपले सकाळचे सात म्हणजे नुकत्याच आलेल्या आईच्या शरीराला रात्रीचे साडेआठ. ते कोवळं ऊन तिला ‘अजून दिवस मावळला नाही’ असंच सांगत होतं. डॉक्टरांनी सकाळी पडदे ओढून घरात राहायला सांगितलं आणि दुपारी तीननंतर गच्चीत बसायला. बसायची वेळ रोज तासभर अलीकडे. मी रजा काढून तिच्याबरोबर बसलो, ती मेथी निवडायची. आठवड्याभरात सकाळी साडेसहाला स्वतःहून उठून तिनं चहा टाकला.

मनाचे खेळ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: या आतल्या घड्याळाचं काम उलगडल्याबद्दल हॉल, रोसबॅश आणि यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्यांनी ते शोधलं फळमाशीत. माशी कसले नखरे करणार?

मेलाटोनिनचं राहिलं. ती झोपेची गोळी नाही, अंधार पडल्याचा निरोप आहे. जिथे असाल तिथल्या झोपायच्या वेळी, थोड्या मात्रेत, चार-पाच दिवस. भलत्या वेळी घेतलीत तर निरोपही भलताच जाईल. रक्त पातळ करायचं औषध चालू असेल किंवा फिट येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळाही निघण्याआधीच लिहून घ्या.

एक सांगायला हवं. साडेदहा तास म्हणजे जवळजवळ अर्धं घड्याळ, त्यामुळे काहींचं शरीर उलट्या बाजूनं, पलीकडे सरकत सरकत ठिकाणावर येतं. अशांना सकाळचं ऊन मानवतही असेल. आईला मानवलं नाही. तुम्ही १२ च दिवसांत परतणार, म्हणजे तिकडे जेमतेम रुळलात की निघायचं. तेव्हा साहेबांकडून परत आल्यानंतरचे निदान दोन दिवस आत्ताच मागून ठेवा, आणि मुंबई विमानतळावरून एक्स्प्रेसवेनं स्वतः गाडी चालवत येऊ नका.

आई येत्या जूनमध्ये पुन्हा जातेय. मामांच्या धाकट्याचं लग्न डिसेंबरात आहे. परतीचं तिकीट काढण्याआधी मी मामांना फोन करून तारीख विचारली, आणि त्याच्या तीन आठवडे आधीचं काढलं.