भाड्यातून हप्ता निघेल का?

प्रश्न : ताई, माझं वय ३२. हिंजवडीत नोकरी करतो, बायको शाळेत शिक्षिका आहे. आम्ही पिंपळे सौदागरला भाड्यानं राहतो. दोघांची मिळून १६ लाख शिल्लक आहे आणि भाड्यानं देण्यासाठी पहिलं घर घ्यायचं मनात आहे. वाघोलीत एक तयार वन बीएचके ४८ लाखांना मिळतोय. भाडं १५,००० येईल, हप्ता त्यातूनच निघेल असं एजंट म्हणतो. माझे आई-वडील मिरजेला असतात. वडिलांनी तिथं मेडिकल कॉलेजजवळ जुना वन बीएचके बघून ठेवलाय. किंमत २२ लाख, आत भाडेकरू आहे, ८,५०० भाडं चालू आहे. मित्र म्हणतात, पुणं सोडून मिरजेत कशाला पैसे घालतोस? कुठला घ्यावा? आणि बायकोच्या नावावर घेतला तर फायदा होतो का?
– एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : हप्ता भाड्यातून निघणार नाही. बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर बसायचे तेव्हापासून हे वाक्य ऐकत आलेय, आणि ते ऐकून सही करायला आलेली कितीतरी तरुण जोडपी पाहिली आहेत. म्हणून तुमचा हिशेब पूर्ण मांडून दाखवते.

वाघोलीचं घर ४८ लाखांचं. या रकमेच्या घराला बँक जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज देते, म्हणजे ३८ लाख ४० हजार. उरलेले ९ लाख ६० हजार तुमचे. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ३ लाख ३६ हजार. नोंदणीचे ३० हजार. हे दोन्ही कर्जात बसत नाहीत, रोख लागतात. एजंटचा एक टक्का, वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, रंग, पंखे, गीझर, ट्रॉल्या या सगळ्याला दोन लाख धरा. १६ लाखांतले हातात पाऊण लाख राहतात. त्यात उद्या घरात कुणाचं दुखणंखुपणं निघालं तर?

आता महिन्याचं बघू. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण ३३,३०० बसतो. भाडं १५,००० असलं तरी एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत वर्षात महिनाभर घर रिकामं राहतं, हे गृहीतच धरायचं. अकरा महिन्यांचे १ लाख ६५ हजार आले. त्यातून मेंटेनन्स २४ हजार, मिळकतकर ८ हजार, किरकोळ दुरुस्ती-रंग १० हजार गेले. राहिले १ लाख २३ हजार, म्हणजे महिन्याला सव्वादहा हजार. उरलेले तेवीस हजार दर महिन्याला तुमच्या पगारातून जाणार, आणि तेही स्वतःचं घरभाडं भरून झाल्यावर. एकूण गुंतवलेल्या रकमेवर हे उत्पन्न सव्वादोन टक्क्यांच्या आसपास पडतं.

करात सुटेल असंही कुणी सांगेल. भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि कर्जाचं व्याजही वजा होतं, हे खरं. पण तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर घराचा तोटा, म्हणजे भाड्यापेक्षा व्याज जास्त झालं तर तो फरक, पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही.

मिरजेचं गणित वेगळं आहे. पुण्यात मुद्रांक शुल्कावर मेट्रोसाठी जादा अधिभार लागतो, तो तिथं नाही, त्यामुळे मुद्रांक शुल्क ६ टक्के. १० लाख तुम्ही घाला, १२ लाख कर्ज घ्या. पंधरा वर्षांचा हप्ता ११,८०० च्या आसपास येईल. खर्च आणि रिकामा महिना वजा करून भाड्याचे सहा हजार हातात पडतात, पगारातूनही तेवढेच जातात. सगळं भागवून साडेतीन लाख तरी बाजूला राहतात. उत्पन्न तीन टक्क्यांच्या आतबाहेर, म्हणजे मुदत ठेवीपेक्षा कमीच. राहिली किंमतवाढ. वाघोलीत ती जास्त होईलही, पण त्या भरवशावर वीस वर्षं महिन्याला तेवीस हजार भरत राहणं मला पहिल्या घरासाठी पटत नाही.

शिवाय पहिलं घर घेताना मी आधी भाडेकरू बघते, भिंती नंतर. मिरज हे दवाखान्यांचं गाव. वॉनलेसचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं, सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ चं. निवासी डॉक्टर, नर्सेस, लॅबवाले यांना चालत जाता येईल असं लहान घर हवंच असतं. आणि नळ गळला तर तुमचे वडील त्याच दिवशी जाऊन बघतील. वाघोलीला कोण जाणार?

मात्र वडिलांच्या शब्दावर लगेच बयाणा देऊ नका. एका सकाळी सातला स्वतः तिथं जा. पाणी त्याच वेळी येतं, आणि वरच्या मजल्यावर किती जोर आहे ते कळतं. जिन्याखालची मोटर, टाकीची झाकणं, बाथरूमच्या मागच्या भिंतीवरची ओल बघा. खालच्या दुकानदाराला विचारा, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णेचं पाणी कुठपर्यंत आलं होतं? हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

कागदांत इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला), मिळकत पत्रिका (जागेच्या मालकीचा उतारा) आणि सोसायटीचं किंवा अपार्टमेंटचं नादेय प्रमाणपत्र मागा. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, करून घ्या. बँक स्वतः सर्च करते म्हणून आपला सोडू नका. बँक बघते ते तिच्या कर्जापुरतं.

सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे आत बसलेला भाडेकरू. त्याचा करार नोंदणीकृत आहे का, मुदत कधी संपते, अनामत किती आणि ती तुमच्याकडे वळती होणार का, हे खरेदीखताच्या आधी लेखी घ्या. करार नुसता नोटरीवर असेल तर मालकाला सांगा, घर रिकामं करून द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. उलट सिद्ध करणं तुमच्यावर येतं. नोंदणी असेल तर कलम २४ चा आधार मिळतो. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर दुप्पट दरानं भरपाई मागता येते. एवढ्या संरक्षणाचा खर्च किती? मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, नोंदणी शुल्क शहरात १,००० रुपये. हे वाचवायला जाणारे लोक बघितले की मला खरोखर वाईट वाटतं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायला विसरू नका. तिथं गृहनिर्माण सोसायटी असेल तर मालक स्वतः राहत नाही म्हणून ती बिनभोगवटा शुल्क लावेल. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

बायकोच्या नावाचं. घर एकट्या तिच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे तुमचे २२ हजार वाचतील. दोघांच्या नावावर घेतलंत तर ही सवलत नाही. पण पैसे तुमचे आणि घर तिचं असं झालं तर भाडं कराच्या हिशेबात तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं. तिची स्वतःची शिल्लक आणि तिच्या पगारातून जाणारा हप्ता असेल तर खुशाल तिच्या नावावर घ्या. कर्जही तिच्याच नावावर काढा, आणि हप्ते तिच्याच खात्यातून जाऊ द्या.